डाव्या बुटातले मावळते, उजव्या बुटातले नवे

दर आषाढी एकादशीला शालूबाई इंगवले काहीतरी सोडत. चातुर्मास म्हटल्यावर सोडणं आलंच. एका वर्षी त्यांनी वांगं सोडलं, एका वर्षी पलंगावर झोपणं सोडलं आणि एका वर्षी चहा सोडला. चहाच्या वर्षाची आठवण त्यांच्या यजमानांना, सयाजीरावांना, अजून होते. स्वतः चाखायचा नाही म्हटल्यावर शालूबाईंच्या हातचा चहा चार महिने एकतर बासुंदीसारखा व्हायचा, नाहीतर काढ्यासारखा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सयाजीराव तो निमूट प्यायचे आणि "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून कोपऱ्यावरच्या गाड्यावर जाऊन दुसरा प्यायचे.

रोजचे नेम वेगळेच. पहाटे तुळशीला पाणी, सोमवारी बेल, गुरुवारी उपास, आणि शुक्रवारी पेठेतल्याच आक्कांच्या सोबतीनं अंबाबाईचं दर्शन. हा शुक्रवारचा नेम तीस वर्षांचा. मंगळवार पेठेतून दोघी चालत निघायच्या, महाद्वारातून आत जायच्या, आक्का मोठ्यानं जोगवा मागितल्यासारखं देवीशी बोलायच्या आणि शालूबाई शेजारी उभ्या राहून तेच मनातल्या मनात बोलायच्या. देवीला दोघींचं पोचत असावं.

त्या वर्षी मात्र सोडण्यासारखं घरात काही शिल्लक राहिलं नव्हतं. शालूबाई देवासमोर बसून विचार करू लागल्या. वांगं सोडून जिभेचं काय जातं? वांग्याच्या जागी दोडका येतो. जिभेला खरंच शिस्त लावायची तर जिभेवरचा एखादा शब्दच सोडला पाहिजे. म्हणून त्यांनी 'नाही' हा शब्द सोडला. त्याची धाकटी बहीण म्हणून 'नको'ही सोडला. कार्तिकी एकादशीपर्यंत कुणी काहीही मागो, विचारो, या तोंडून नकार निघायचा नाही. ताम्हनात पळीभर पाणी सोडून त्यांनी संकल्प केला आणि सयाजीरावांना सांगितलं.

सयाजीरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "अगं, तू जन्मात कधी कुणाला न्हाय म्हटलंयस? मी उद्या म्हणीन, मी पोहायला जायचं सोडलं. पोहायला येतंय कुठं मला?"

हे शालूबाईंना लागलं. माणसाच्या व्रताला घरातूनच अशी किंमत मिळाली की उपासाला साबुदाणाही गोड लागत नाही. पण उत्तर द्यायला जो शब्द लागत होता तो अर्ध्या तासापूर्वीच ताम्हनात सोडला होता. सयाजीरावांनी ही बातमी संध्याकाळी शेजारच्या बाळासोला सांगितली. बाळासो एसटीत कंडक्टर. गडहिंग्लजच्या गाडीत जितकी माणसं उभी राहतात तितक्यांना एकाच वेळी बातमी देण्याची त्याला सवय. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पेठेत सगळ्यांना कळलं. फक्त आक्कांना कळलं नाही, कारण त्या मलकापूरला लेकीकडं गेल्या होत्या आणि रविवारी दुपारी एसटीतून उतरल्या त्या थेट सभेलाच आल्या.

सभा म्हणजे भगिनी मंडळाची वार्षिक सभा. मंडळाची खोली तालमीच्या माडीवर होती आणि आक्का सोळा वर्षं मंडळाच्या अध्यक्षा होत्या. त्यांचा आवाज असा, की त्या वर बोलायला लागल्या की खाली जोर मारणाऱ्या पोरांची मोजणी चुकायची. खोलीत एक शिसवी खुर्ची होती, वेताच्या बैठकीची. तीत आक्का बसायच्या. ती खुर्ची दुसऱ्या कुणी पुसलेलीही त्यांना खपत नसे. सभेआधी स्वतःच्या पदरानं तिचे हात पुसून मगच त्या टेकत.

सभेची एक रीत ठरून गेली होती. हिशेब झाले, चहा झाला, की आक्का उठून म्हणायच्या, "आता बास. दुसरी कुणीतरी बघा." मग शालूबाईंनी म्हणायचं, "नाही नाही आक्का, तुमच्याशिवाय कसं व्हायचं?" आरतीची पहिली ओळ एकीनं धरल्यावर बाकीच्यांनी उचलावी तशा मग सगळ्याजणी "नाही नाही आक्का" म्हणायच्या. आक्का "ऐकत न्हाय की तुम्ही बायका" म्हणून पुन्हा बसायच्या. सोळा वर्षांत या रीतीत एक अक्षर बदललं नव्हतं.

त्या रविवारी आक्का उठल्या. "आता बास. दुसरी कुणीतरी बघा."

शालूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

खाली तालमीत कुणीतरी "अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव" मोजत होतं, ते शंभरापर्यंत सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

आक्कांनी शालूबाईंकडं बघितलं. "म्हटलं, दुसरी कुणीतरी बघा."

शालूबाईंना घाम फुटला. त्यांनी मान हलवून बघितली, पण घाबरलेल्या माणसाची मान आडवी हलते की उभी, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. तेवढ्यात संयोगिता उठल्या. संयोगिता मंडळाच्या सेक्रेटरी, हायस्कुलात मराठी शिकवायच्या. 'नवनेतृत्व' हा शब्द वापरायची संधी त्या सहा वर्षं शोधत होत्या.

"आक्कांच्या इच्छेचा मान राखून," त्या म्हणाल्या, "नवनेतृत्व म्हणून मी शालूताईंचं नाव सुचवते. शालूताई, तुमची काही हरकत?"

आता यात केवढी अडचण आहे बघा. 'हरकत नाही' म्हणावं तर व्रत मोडतं. 'हरकत आहे' म्हणावं, तर ते 'नाही'लाच दुसरं लुगडं नेसवल्यासारखं झालं. देव काय लुगड्याला फसतो? शालूबाई "हरकत..." एवढंच म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या.

टाळ्यांच्या भरात संयोगितांना आणखी एक गोष्ट सुचली. त्याच आठवड्यात देशाचे राष्ट्रपती बदलणार होते. जुने बुधवारी निरोपाचं भाषण करणार, नवे गुरुवारी शपथ घेणार. "तिकडं दिल्लीत बदल, इकडं मंगळवार पेठेत बदल. हा नुसता योगायोग नव्हे. पुढच्या रविवारी नव्या अध्यक्षांनी त्या दोन्ही संदेशांची तुलना करणारं व्याख्यान द्यावं. द्याल ना, शालूताई?"

शालूबाईंचा आवाज एवढा मृदू, की भाजीवालीलाही त्यांचं दुसऱ्यांदा सांगितलेलं ऐकू जायचं. पण उत्तर एकच उरलं होतं.

आक्का उठल्या. मंडळाच्या कपाटाची किल्ली आणि शिक्का त्यांच्या पदराच्या गाठीत असायचा. ती गाठ त्यांनी सोडली नाही, उलट ओढून घट्ट केली आणि जिना उतरून गेल्या.

शालूबाईंना अध्यक्षपदाचं काही नव्हतं. पानात पडलेलं जास्तीचं वांगं निमूट खावं, तसं तेही त्यांनी निभावलं असतं. पण जिना उतरणारी आक्कांची पाठ त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. सोमवारी सकाळीच त्या आक्कांच्या दारात गेल्या. आक्कांनी अर्धं दार उघडलं.

"काय अध्यक्षीणबाई?"

"आक्का, काल सभेत मी गप्प बसले, कारण मी एक शब्द सोडलाय."

"कुठला शबूद?"

आता तो शब्द सांगायचा म्हणजे उच्चारायचा. शालूबाई अडखळल्या. "तो... 'हो'च्या उलटा असतो तो."

"उलटी तर तूच झालीस," आक्का म्हणाल्या. "तीस वरसं देवीला संगं गेलो. पोटात हे ठिवून जात व्हतीस व्हय?" आणि अर्धं दार पूर्ण लागलं.

शालूबाई घरी आल्या आणि सयाजीरावांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही जाऊन सांगा की आक्कांना."

"मी? त्यांच्या दारात? आता?" सयाजीराव म्हणाले. ते काळम्मावाडीच्या धरणावर पुरात उभे राहिलेले गृहस्थ होते, पण पूर वेगळा. पेठेतलं दुसरं कुणीही त्या दाराशी जायला धजलं नाही.

दरम्यान व्याख्यानाची तयारी सुरू झाली होती. संयोगितांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर सुंदर अक्षरात दोन ओळी लिहिल्या. वरची ओळ: 'देशाच्या सर्वोच्च पदावरील'. खालची: 'मावळत्या व नव्या अध्यक्षांच्या संदेशांची तुलना. वक्त्या: सौ. शालूबाई इंगवले'. राष्ट्रपतींना अध्यक्ष का म्हटलं, असं सयाजीरावांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "श्लेष साधलाय, भाऊजी." सयाजीरावांना श्लेष म्हणजे काय ते आठवलं नाही, पण साधला असेल तर बरंच, असं त्यांना वाटलं.

मंगळवारी बाळासो आला. "वैनी, उद्या नळाला पाणी न्हाय. फळ्यावर ल्ह्यायला पायजे. वरची एक ओळ पुसू का?"

"पूस," शालूबाई म्हणाल्या.

मग फळा असा झाला: 'उद्या पाणी येणार नाही. मावळत्या व नव्या अध्यक्षांच्या संदेशांची तुलना. वक्त्या: सौ. शालूबाई इंगवले.' येणारा-जाणारा थांबून वाचू लागला. शालूबाई आता आक्कांची आणि स्वतःची जाहीर तुलना करणार, आणि त्या दिवशी पाणीही नाही, अशी पेठेची समजूत झाली. आक्काही दूध आणायला त्याच फळ्यावरून जायच्या.

संयोगितांचं म्हणणं, तुलना करायची तर अधिकृत मजकूर हवा. त्यांनी अर्ज लिहून दिला आणि बुधवारी शालूबाई तो घेऊन एका सरकारी कचेरीत गेल्या. तिथं कृष्णात नावाचे कारकून होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"बाई, ह्यात दोन विषय हायत. मावळते म्हंजे जावक. नवे म्हंजे आवक. आवकचं टेबल हे. जावकचं टेबल ते, पर ते साहेब जेवायला गेल्यात."

"थांबते मी."

"चारपतुर थांबावं लागंल. चालंल?"

चालणार होतंच. शालूबाई चार वाजेपर्यंत बाकावर नामस्मरण करत बसल्या. चारला जावकचे साहेब आले आणि म्हणाले, राष्ट्रपतींचं भाषण अजून झालेलंच नाही, ते संध्याकाळी आहे. न झालेल्या भाषणाची नक्कल देता येत नाही. शालूबाई उठल्या. तेवढ्यात कृष्णात म्हणाले, "बाई, वनमहोत्सव चाललाय. रोपं वाटायचं टार्गेट हाय. न्हेता का चार?"

"नेते."

"चार कशाला, चाळीसच न्ह्या की."

शालूबाई चाळीस रोपं घेऊन रिक्षातून घरी आल्या. करंज, जांभूळ आणि एक कसलं ते कृष्णातांनाही माहीत नव्हतं. पॅसेजमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही. सयाजीरावांनी रोपांकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. "भाषण मिळालं?"

"जावक व्हायचंय अजून," शालूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या वही-पेन घेऊन टीव्हीसमोर बसल्या. मावळते राष्ट्रपती पडद्यावर आले. त्यांनी देशबांधवांना हाक मारली आणि लाईट गेली. पेठेतून एकच आवाज उठला, पण तो राष्ट्रपतींसाठी नव्हता, आठच्या मालिकेसाठी होता. लाईट आली तेव्हा पडद्यावर मालिका होती. गुरुवारी नव्या राष्ट्रपतींच्या वेळी लाईट होती, पण मंडळाच्या तीन बायका "शालूताई, मंडळाचं कपाट आवरायचं होतं, पण किल्ली तर मिळेना, मग तुमच्याकडंच जरा बसू का" म्हणून आल्या आणि बोलत बसल्या. नव्यांचे ओठ हललेले शालूबाईंना दिसले. चेहरा हसरा होता, एवढं त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

तरी वर्तमानपत्र होतं. गुरुवारच्या अंकात जुन्यांचं भाषण पहिल्या पानावर चार ओळी आणि पुढं पान पाचवर. शुक्रवारच्या अंकात नव्यांचं, तेही पुढं पान पाचवर. शुक्रवारी देवीला जाऊन आल्यावर निवांत वाचू, असं शालूबाईंनी ठरवलं.

शुक्रवारी त्या महाद्वारापाशी अर्धा तास थांबल्या. आक्का आल्या नाहीत. मग आत जाऊन बघतात तर आक्का देवीसमोर उभ्या. घाटी दरवाजानं आल्या होत्या. तीस वर्षांत आक्का घाटी दरवाजानं कधी आल्या नव्हत्या. गर्दीत त्यांचा आवाज काही आला नाही. त्या दिवशी आक्काही मनातल्या मनात बोलत होत्या.

जड पावलांनी घरी येऊन शालूबाईंनी पेपर काढले. दोन्ही अंकांत पान पाच नव्हतं.

"अगं, बाळासो मागत होता," सयाजीराव म्हणाले. "काल एक आणि आज एक. तू देवाला बसलीतीस, मानेनंच हो म्हणालीस."

बाळासोचे बूट. पावसाळ्यात कंडक्टरचे बूट सुकत नाहीत, त्यात रोज कागद कोंबावा लागतो. शालूबाई धावत शेजारी गेल्या. बाळासोनं अपराधी चेहऱ्यानं दोन्ही बूट पुढं केले. "डाव्यात कालचा हाय वैनी, उजव्यात आजचा. असं मला वाटतंय."

लोकशाहीच्या इतिहासात राष्ट्रपतींची भाषणं कुठं कुठं जपून ठेवली असतील ते असोत, पण बुटातून चिमट्यानं काढून तव्यावर सुकवलेली ती दोनच असावीत. मथळे गेले होते, कडा गेल्या होत्या, आणि मधल्या मजकुराचे तेवीस तुकडे झाले होते. सयाजीरावांनी जमिनीवर ते मांडले आणि इतक्या वर्षांच्या सरकारी अनुभवानं वर्गवारी सुरू केली.

"'लोकशाही अधिक बळकट.' कुणाचं?"

"मावळत्यांचं असेल."

"हे दुसऱ्या तुकड्यावर पण हाय. 'खेड्यांचा विकास.' हे?"

"नव्यांचं."

"हे तीन ठिकाणी हाय." सयाजीरावांनी चष्मा काढला. "अगं, हे दोघं एकच बोललेत. नुसतं एकमेकांचं बोट धरून. कुठलाही तुकडा कुठंही बसतोय."

शालूबाईंनी सार्वजनिक वाचनालयात अंक बघून घ्यायचं ठरवलं. तिथं पान पाचच्या पाठीमागं शब्दकोडं होतं आणि ते दोन्ही अंकांतून कुणीतरी कापून नेलं होतं.

शनिवारी सकाळी पूजा झाल्यावर त्या पुन्हा तुकड्यांसमोर बसल्या. एक तुकडा हातात घेतला. त्यावर इतकंच होतं: 'काही उणे राहिले असल्यास'. त्यांनी तो डावीकडं ठेवला. दुसऱ्यावर होतं: 'सर्वांच्या साथीने मी'. तो उजवीकडं ठेवला. मग त्यांना दिसायलाच लागलं. हे त्यांना माहीत होतं. त्या आयुष्यभर हेच करत आल्या होत्या. सयाजीराव चहा घेऊन येईपर्यंत तेवीसच्या तेवीस तुकडे दोन बाजूंना लागले होते.

"कसं ओळखलंस?"

"उद्या सांगते," शालूबाई म्हणाल्या, आणि दुधाच्या पातेल्यापाशी जाऊन उगाच थोड्या हसल्या.

रविवारी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. भगिनी मंडळाच्या इतिहासात एवढी गर्दी झाली नव्हती. राष्ट्रपतींविषयी पेठेला एवढं प्रेम आहे हे बघून संयोगितांना भरून आलं. फळ्याचं काय झालंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तालमीच्या पोरांनी गणपतीचा लाउडस्पीकर लावून दिला होता, कारण शालूबाई बोलणार म्हटल्यावर तो लागणारच. कर्णा नेमका आक्कांच्या घराकडं तोंड करून होता. शिसवी खुर्ची रिकामी होती. शालूबाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"मी दोन्ही संदेश वाचले," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा स्वतःचा आवाज चौकापर्यंत जाऊन परत आला तेव्हा त्या दचकल्या. "थोडे ओले होते, पण वाचले. ऐकताना ते एकसारखेच वाटतात. पण आपण बायका व्रतं करतो, आपल्याला फरक कळतो. नव्यांचा संदेश म्हणजे संकल्प. मावळत्यांचा म्हणजे उद्यापन.

"संकल्पात माणूस मोठं बोलतो, कारण उपास अजून सुरू व्हायचा असतो. उद्यापनात माणूस हळू बोलतो. कुठल्या दिवशी चुकून काय तोंडात गेलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक असतं. म्हणून तो म्हणतो, काही उणं राहिलं असेल तर पदरात घ्या. संकल्पाला पळीभर पाणी पुरतं. उद्यापनाला चार माणसं बोलवावी लागतात, वाण द्यावं लागतं. देशानं जुन्यांचं उद्यापन आधी केलं, त्यांना मन मोकळं करू दिलं, आणि मग नव्यांचा संकल्प."

त्या थांबल्या. "आपल्या मंडळात उलटं झालं. संकल्प झाला, टाळ्या झाल्या. सोळा वर्षांचं व्रत मात्र आपण उद्यापनाशिवाय उठवलं. ज्यांनी ते केलं त्यांना चार शब्द बोलायलाही..."

जिन्यावर पावलं वाजली. आक्का दारात उभ्या होत्या. पाऊस अंगावर घेऊन आल्या होत्या, एका हातात किल्ली, दुसऱ्यात शिक्का. बायकांनी वाट दिली.

"शाले," आक्का म्हणाल्या. त्यांना लाउडस्पीकरची गरज नव्हती. "फळ्यावर माझी तुलना लावलीस. सभेत गप बसलीस. आन् आता कर्ण्यातनं ग्वाड बोलतीस. मला ग्वाड नगं. सगळ्यांदेखत एक सांग. सोळा वरसं मी नुसती खुर्ची अडवून बसलेली व्हय?"

शालूबाईंनी तोंड उघडलं. एक सोपा शब्द होता. ताम्हन, पळी, ते पाणी, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. आक्कांचा चेहरा सभेच्या दिवशी होता तसाच होत चालला होता. खाली तालमीत आज कुणी मोजतही नव्हतं.

"न्हाय," शालूबाई म्हणाल्या.

शालूबाईंचे वडील मास्तर. लग्न होऊन कोल्हापुरात पस्तीस वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून 'न्हाय' कुणी ऐकलं नव्हतं. ते आता चौकापर्यंत गेलं. "न्हाय, आक्का. मुळीच न्हाय." आणि त्या रडायला लागल्या. लाउडस्पीकर चालूच होता.

मग दाराशी उभ्या सयाजीरावांना कंठ फुटला. त्यांनी एकादशीपासूनचं सगळं सांगितलं, फळ्यासकट. आक्का ऐकत राहिल्या.

"म्हंजे सभेत गप बसलीस ती नेमापायी?"

शालूबाईंनी मान हलवली. या वेळी उभी.

"आन् दारात ते 'हो'च्या उलटा?"

"तेच."

"आन् आता माझ्यापायी नेम मोडलास," आक्का म्हणाल्या आणि त्यांचाही आवाज पहिल्यांदा खाली आला.

"मोडला कुठं?" बाळासो मागून म्हणाला. त्याचे बूट वाजले. "वैनींनी 'नाही' सोडलंय. ह्या 'न्हाय' म्हटल्या. दोन येगळं शबूद हायत."

सगळ्यांनी संयोगितांकडं बघितलं. त्या मराठीच्या शिक्षिका. त्या म्हणाल्या, याबाबत मतभेद आहेत. पण आक्कांनी मतभेदाला सोळा वर्षांत कधी जागा दिली नव्हती. "शिक्का अजून माझ्याकडं हाय, म्हंजे अध्यक्ष मीच. ठराव ल्ही संयोगिता. नेम मोडलेला न्हाय." संयोगितांनी लिहिलं, आक्कांनी त्यावर दाबून शिक्का मारला, आणि मग शिक्का आणि किल्ली शालूबाईंच्या ओंजळीत ठेवली.

"उणं-अधिक काय बोलले आसंन तर पोटात घाला," आक्का म्हणाल्या. "लई बोललीया. मला ठावं हाय."

वाण म्हणून पॅसेजमधली चाळीस रोपं आणली. आक्कांनी प्रत्येकीला हळदी-कुंकू लावून एकेक रोप दिलं. ज्याचं नाव कृष्णातांनाही माहीत नव्हतं ते त्यांनी स्वतःला ठेवलं. सगळं झाल्यावर त्या शिसवी खुर्चीपाशी गेल्या आणि पदरानं तिचे हात पुसले.

"हाव न्हवती मला खुर्चीची. पर ही खुर्ची माझी हाय. आमच्या मालकांची. ते गेल्यावर घरात रिकामी बघवंना, म्हणून हितं आणलीती. आता हितंबी रिकामीच दिसली. मी न्हेती."

चार बायकांनी खुर्ची जिन्यावरून खाली उतरवली. वरच्या खोलीत संयोगितांनी तालमीतलं एक स्टूल आणून ठेवलं. लोखंडी, आणि त्याच्या बैठकीच्या मधोमध एक खिळा वर आलेला. "तोवर यावर चालेल ना, शालूताई?"

चाललं. चार आठवडे चाललं. नव्या अध्यक्षांनी त्या स्टुलावर दोन सभा आणि एक मंगळागौरीची बैठक घेतली. घरी आल्यावर त्या थोड्या तिरक्या बसत, पण सयाजीरावांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

श्रावणातल्या शुक्रवारी दोघी महाद्वारातून आत शिरत होत्या. आक्कांनी फुलवालीकडून दोन वेण्या घेतल्या आणि मध्येच थांबून विचारलं, "शाले, ते स्टूल टोचतंय व्हय गं?"

दुसऱ्या कुठल्याही वर्षी शालूबाई म्हणाल्या असत्या, "नाही हो आक्का, छान आहे." ते उत्तर सवयीनं ओठांपर्यंत आलं आणि मागं फिरलं. आक्कांच्या ठरावानं 'न्हाय' म्हणायची सोय झाली होती. पण समोर अंबाबाईचं शिखर होतं.

"टोचतं," शालूबाई म्हणाल्या. "फार टोचतं, आक्का."

आक्का एवढ्या हसल्या की फुलवाली वेण्या मोजायची चुकली. "मग सांगायचं न्हाय?"

"कुणी विचारलंच न..." शालूबाई म्हणाल्या आणि उरलेला शब्द गिळला.

संध्याकाळी मंडळाच्या खोलीचा जिना वाजला. पुढं बाळासो, डोक्यावर शिसवी खुर्ची, मागं आक्का. बाळासोनं खुर्ची मूळ जागी ठेवली आणि स्टूल उचलून तालमीत नेऊन दिलं. आक्कांनी पदर हातात घेतला, खुर्चीचा डावा हात पुसला, उजवा पुसला, वेतावरून एकदा हात फिरवला.

"बसायची तू, पुसायची मी," त्या म्हणाल्या. "बस."